कर्ता लपवणारी भाषा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसं जमतात. एका अंगाला पांढुर्णा, दुसऱ्या अंगाला सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेला पळस आणि त्यावर झेंडा. मग गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरून दगडफेक, सुरू होते. संध्याकाळी जखमी माणसाला विचारलं, तर उत्तर येतं, "दगड लागला." कुणी मारला ते त्या वाक्यात नाही, आणि हजारो साक्षीदारांपैकी कुणाला ते सांगताही येत नाही. या रूढीत माणसं जायबंदी झाली आहेत, जिवानिशी गेली आहेत. तिचं कौतुक मला कधीच करवलं नाही. तिच्या उगमाच्याही दोन गोष्टी आहेत. कुणी दोन गावांच्या प्रेमिकांची सांगतं, कुणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची. घटना एकच, जबान्या दोन.

"दगड लागला" या वाक्यात मराठी रहस्यकथेचं अर्धं तंत्र आहे. आपल्या भाषेत क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, मरणे-मारणे. पहिल्या रूपात करणारा नसतो, दुसऱ्यात तो असावाच लागतो. "काच फुटली", "दार उघडलं", "पैसे गेले" असं आपण रोज बोलतो आणि त्यात काही लपवतो आहोत असं कुणालाच वाटत नाही. रहस्यकथेच्या पहिल्या प्रकरणात माणूस मरतो, शेवटच्या प्रकरणात त्याला कुणी मारलं ते कळतं. मधली दोनशे पानं एवढ्या अंतरासाठी खर्ची पडतात.

लिंगाचा प्रश्न जास्त अवघड. इंग्रजी लेखकाला निवेदक पुरुष की स्त्री हे सहज झाकता येतं. मराठीत "मी गेलो" किंवा "मी गेले" म्हटलं की संपलं. पण आपला कर्मणी प्रयोग मदतीला येतो. "मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं" यात क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि निवेदकाचा पत्ता लागत नाही. अगाथा ख्रिस्तीनं 1926च्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मध्ये निवेदकावरच्या भरवशाचा जो उपयोग करून घेतला, त्याच्यासारखं काही मराठीत करायचं तर मोरो केशव दामल्यांचं 1911चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उशाशी हवं. दामले म्हणजे केशवसुतांचे भाऊ. त्यांचा प्रयोगविचार मी तरी लेखनाचं हत्यार म्हणूनच वाचतो.

आपल्याकडे रहस्यकथेची परंपरा मोठी आहे, तिचा मान मात्र लहान राहिला. गोविंद नारायण दातारांनी रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी लेखकांचा आधार घेत अद्भुत कादंबऱ्या रचल्या. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, धनंजय, काळा पहाड घराघरांत नेले. त्यांच्या आणि गुरुनाथ नाईकांच्या पुस्तकांची संख्या हजारापलीकडे सांगितली जाते. नारायण धारपांनी भय आणि गूढ यांना घरगुती मराठी दिली. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद उभे केले. ही पुस्तकं वाचनालयांतून झिजून परत येत. समीक्षेनं त्यांच्याकडे पाठ फिरवली, आणि हा अन्याय होता असं मी ठामपणे म्हणतो. छोटी वाक्यं, स्वच्छ क्रियापदं, प्रकरणाच्या अखेरीस नेमकं थांबणं या गोष्टी लाखो वाचकांनी त्यांच्याकडूनच अनुभवल्या.

एवढं असून आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा या परंपरेत फारसा दिसत नाही. एके काळी हा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, पुढे मध्य प्रांत. 1956च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली त्यातूनच पांढुर्णा जिल्हा निघाला. घरी मराठी, बऱ्याच शाळांतून हिंदी. रहस्यकथाकाराला याहून चांगली जमीन कुठे मिळणार?

समजा, एक निनावी चिठ्ठी सापडली. त्यात "नांव" आणि "कांहीं" असे अनुस्वार असतील, तर लिहिणाऱ्याचे हात 1962च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच वळलेले. "कवि", "गति" असं ऱ्हस्व लिहिलं असेल, तर हिंदी शाळेचा संशय घ्यावा, कारण मराठीचा आजचा नियम शेवटचा इकार दीर्घ मागतो. फोनवरची बाई "मी गेले" न म्हणता "मी गेली" म्हणाली, तर ती पुण्याची असल्याचा दावा तपासावा लागेल. संत्र्याच्या मंडईत हिशेब हिंदीत सांगणारा माणूस घाबरला की "मले काय मालूम" म्हणतो. हे सगळं बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत फुकट ऐकायला मिळतं. पात्राला प्रमाण मराठीत बोलायला लावणारा लेखक हे पुरावे स्वतःच पुसून टाकतो.

पुरावे कसे जुळवावेत याचा धडाही याच मातीत आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलां इथे दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळाचे दगड झाले, आणि त्यांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती टिकल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1934 साली तिथल्या एका अश्मीभूत फळाला 'एनिग्मोकार्पॉन' नाव दिलं. झाड कोणतं, फूल कसं, काही ठाऊक नव्हतं. 1944 साली शुक्ल या अभ्यासकांनी तिथल्याच एका अश्मीभूत फुलाचं वर्णन केलं आणि त्या फळाशी त्याचं नातं मांडलं. झाड उभं कुणीच पाहिलेलं नव्हतं. रचना रचनेशी ताडत त्यांनी तो दुवा जोडला. कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायला बसण्यापूर्वी मी हे प्रकरण आठवतो आणि मागची पानं उलटून पाहतो: माझ्या फळाचं फूल वाचकाला आधी कुठे दिसलं आहे का?