तांबे, तेजाब आणि शाई

वाशीम येथे १९३९ साली वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा दानाची सनद तांब्यावर कोरून ठेवण्याची या मुलखातील चाल दीड हजार वर्षांहूनही जुनी असल्याची साक्ष मिळाली. त्यामुळे तांब्यावरील रेषेची ओळख मंगरूळपीरच्या वाचकाला नव्याने करून द्यावयास नको. त्या खाचेत शाई भरून कागदावर ठसा घ्यावा, ही कल्पना मात्र आपल्याकडे फार उशिरा रुजली.

असा ठसा घेण्याची एक रीत म्हणजे एचिंग. तीत तांबे हत्यार कापीत नाही, तेजाब कापते. घासून गुळगुळीत केलेल्या पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांचा पातळ लेप चढवून तो धुराने काळा करतात. त्या काळ्यावर सुई फिरली की रेषा तांबूस झळकते, आणि पाठही लेपाने झाकून पत्रा सौम्य तेजाबात ठेवला म्हणजे उघड्या पडलेल्या तेवढ्याच जागी तांबे खाल्ले जाऊ लागते. रेषेवर जमणारे बुडबुडे पिसाने अलगद झाडावे लागतात. फिकट राखावयाच्या रेषांवर वार्निश लावून पत्रा पुन्हा तेजाबात सोडतात. म्हणजे गडदपणा हाताच्या जोरावर नव्हे, मुदतीवर ठरतो, आणि माझ्या मते या कलेचे मर्म तेथेच आहे. पुढे लेप काढून खाचांत शाई रेटतात, वरची पुसून घेतात, आणि ओलसर कागदासह पत्रा रुळांखालून काढतात. चित्र उलटे उमटते.

चिलखतांवरील नक्षीची ही युक्ती सोळाव्या शतकाच्या आरंभी ऑग्सबर्गच्या डॅनिएल होप्फरने कागदाकडे वळवली. आपल्याकडे तिचा धागा पुण्यास, पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यापाशी पोहोचतो. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स आणि पुण्याचा गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी रेखाटली. वेल्स १७९५ मध्ये वारला, आणि त्याच्या आरेखनांवरून टॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली १८०३ साली लंडनमध्ये ॲक्वाटिंट निघाली, ज्यांत तेजाब राळेच्या कणांमधून शिरून रेषेऐवजी छटा निर्माण करते. लेणी आमची, ठसा लंडनचा!

दोनच वर्षांनी, १८०५ मध्ये, मॅलेटच्या प्रोत्साहनाने तांब्यावरून ठसे घेण्याची विद्या शिकलेल्या एका तांबटाकडून मिरजेच्या पटवर्धनांनी भगवद्गीता ताम्रपत्र्यांवरून छापवून घेतली. तेथे काम तेजाबाचे नव्हे, कोरणीचे होते, आणि अक्षरे अर्थातच उलटी. पण पानागणिक पत्रा कोरण्याची ही मेहनत ग्रंथछपाईस परवडणारी नव्हती. मराठी मजकूर पुढे शिळाप्रेस आणि खिळे यांच्या वाटेने गेला.