अनामत रक्कम : कायदा काय सांगतो?

● व्याख्या : भाडे थकल्यास किंवा मोडतोड झाल्यास भरपाई व्हावी म्हणून मालकाकडे ठेवलेली, परत मिळणारी रक्कम.

● कायदा : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९; अंमल ३१ मार्च २००० पासून. मराठवाड्यात लागू असलेला हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा त्यानेच रद्द झाला. अधिनियम परिशिष्टांत नमूद क्षेत्रांपुरता आहे. सोयगावसारख्या लहान गावी आधी ती यादी पाहावी. यादीबाहेर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि करार अधिनियम, १८७२.

● मर्यादा : राज्याच्या अधिनियमात अनामतीला कमाल मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन, इतर जागेसाठी सहा महिन्यांचे भाडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक नाही.

● कपात : १८८२ च्या अधिनियमानुसार जागा मूळ स्थितीत परत द्यायची, पण रोजच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. फिकट झालेला रंग ही झीज. फोडलेले बेसिन हे नुकसान.

लेखी करार कशासाठी? मर्यादाच नसल्याने रक्कम, कपात आणि परतीची मुदत करारावरच ठरते. ओळखीत कागद कशाला, असे म्हटले जाते. पण भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. कागद मालकालाही राखतो : लिव्ह अँड लायसन्सची (वापर-परवाना कराराची) मुदत संपूनही जागा न सोडल्यास दुप्पट शुल्काने भरपाई द्यावी लागते (कलम २४).

● पावती : मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक (कलम ३१). अनामत देतानाच ती मागून घ्यावी.