देवळातला पाळणा आणि घरातला पाळणा

श्रावण वद्य अष्टमीची मध्यरात्र जवळ येते. देवळाच्या सभामंडपात समया तेवत असतात, कीर्तनाचा उत्तररंग देवकीच्या बंदिवासापाशी येऊन ठेपलेला असतो आणि श्रोत्यांचे लक्ष घड्याळाच्या काट्याकडे लागलेले असते. बाराचा ठोका पडतो, गुलाल उधळला जातो, सुवासिनी पुढे होऊन पाळण्याची दोरी हाती घेतात आणि सुंठवड्याचे ताट मंडपातून फिरू लागते. गडहिंग्लजमध्ये आणि हिरण्यकेशीच्या काठच्या गावांतून हा प्रसंग आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात उभा करीत आलो आहोत.

या वेळी एक निरूपण आम्ही नेमाने करीत असू. देवकीची अष्टमी एका रात्रीची. यशोदेची मात्र वर्षानुवर्षांची. भागवताच्या दशम स्कंधात यशोदा प्रसूतीच्या श्रमाने निद्रिस्त असते. आपल्या कुशीत मुलगा आला की मुलगी, हेही तिला ठाऊक नसते. जाग आल्यावर जे बाळ कुशीत दिसले ते तिने आपले म्हटले आणि वाढविले. हे निरूपण श्रोत्यांस आवडे, आम्हांसही आवडे. त्याचा अर्थ मात्र आम्हांस सहा वर्षांपूर्वी कळू लागला, जेव्हा आमच्याच घरी नातू जन्मास आला.

बारशाचा दिवस

बाळाच्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आमच्या चिरंजिवांना बाजूस बोलाविले. बाळाचे डोळे किंचित तिरके, नाकाचा दांडा बसका, तळहातावर एकच आडवी रेघ आणि सर्वांगाचे स्नायू सैल. रक्ताची तपासणी करावी लागेल, असे ते म्हणाले. अहवाल यावयास काही आठवडे लागणार होते. घरात आणून ठेवलेले पेढे वाटले गेले नाहीत. सूनबाई भिंतीकडे तोंड करून निजून असे.

तोच बारावा दिवस आला. बारसे पुढे ढकलावे, अहवाल आल्यावर पाहू, असा विचार आम्ही बोलून दाखविला. खरे सांगावयाचे तर पाहुण्यांनी पाळण्यात डोकावून पाहू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. तेव्हा आमची गृहिणी म्हणाली, “अहो, देवळातला पाळणा हलवायला तुम्ही गावोगाव जाता. मग घरातला कोणी हलवायचा?”

या प्रश्नास उत्तर देण्याजोगा शास्त्राधार आमच्याजवळ नव्हता. बारसे त्याच दिवशी झाले. बाळाचे नाव येथे देत नाही. ते त्याचे आहे, आणि चारचौघांत सांगावे की नाही हे त्यानेच मोठेपणी ठरवावे.

राखणे आणि लपविणे

पुढे अहवाल आला. बाळाच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे होती. एकविसाव्या गुणसूत्राची जोडी असावयाची, तेथे तीन होती. डाऊन सिंड्रोम हे नाव आम्ही तेव्हा प्रथमच लक्ष देऊन ऐकले.

धातुपाठात गुप् या धातूचा अर्थ रक्षण असा दिलेला आहे. ‘संगोपन’ हा शब्द त्याच धातूचा. परंतु ‘गुप्त’ हा शब्दही त्याचाच, आणि गुप्त म्हणजे रक्षिलेले तसेच लपविलेलेही. बारसे झाले खरे, तथापि पुढील पाच-सहा महिने आमच्या घरी संगोपन कमी आणि गोपन अधिक चालले होते. कोणी आले की बाळाच्या डोक्यावरची कुंची कपाळाखाली ओढली जाई. सूनबाई लग्नामुंजीस जाईनाशी झाली, कारण जाईल तेथे एकच प्रश्न तिची वाट पाहत असे: ग्रहणात विळी धरली होतीस का? काही मंडळी तर हा प्रश्न घेऊन, पंचांग पुढे करून, आमच्याकडेच येत.

म्हणून जे आम्हांस पुढे समजले ते येथे स्पष्ट लिहितो. या लक्षणांचे वर्णन जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याने १८६६ साली केले. त्याचे कारण १९५९ साली फ्रान्समधील जेरोम लेजून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. हे जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज किंवा पुरुषबीज घडतानाच येते. म्हणजे गर्भ राहतो तेव्हाच ती गोष्ट होऊन गेलेली असते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मातेने काय खाल्ले, काय चिरले, कोणते ग्रहण पाहिले, याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. सुमारे हजार जन्मांमागे असे एक मूल सर्व देशांत, सर्व धर्मांत, सर्व जातींत जन्मास येते. मातेचे वय वाढते तसा संभव वाढतो. पण तरुण स्त्रियांना मुलेच अधिक होत असल्याने अशी पुष्कळ बालके तरुण मातांच्या पोटी येतात. आमची सून तेव्हा सव्वीस वर्षांची होती. हा रोग नव्हे, म्हणून तो बरा करणारे औषध, काढा किंवा गंडादोरा नाही. मात्र त्यासोबत येणाऱ्या व्याधींवर उपचार आहेत आणि ते वेळेवरच करावे लागतात.

आमच्या तोंडचा दोष

आता जे लिहावयाचे आहे तेथे लेखणी अडते. तरीही, जे पाप मंडपात घडले त्याची कबुली माजघरात देऊन चालत नाही.

बारा वर्षांपूर्वी हिरण्यकेशीच्या काठच्या एका गावी जन्माष्टमीचे कीर्तन होते. पूर्वरंगास कर्मविपाकाचा विषय घेतला होता. मागील जन्मीचे पाप या जन्मी कसे फळते हे सांगताना, ‘घरात खुळं लेकरू येतं ते उगाच नव्हे’, असे वाक्य आम्ही बोलून गेलो. आमच्या भागात हा शब्द सरसकट वापरला जातो. श्रोते हसले. मंडपाच्या कडेस बसलेली एक बाई मांडीवरचे मूल उचलून निघून गेली. मूल कुरकुरत असेल, असे समजून आम्ही कथा पुढे नेली.

नातू वर्षाचा झाला त्या सुमारास ती पाठमोरी बाई आम्हांस झोपू देईना. तपास करून त्या घरी गेलो. मांडीवरची ती पाच वर्षांची मुलगी आता बारा वर्षांची झाली होती आणि चुलीपाशी शेंगा फोडीत बसली होती. तिचे डोळे, तिचे नाक, तिची बोटे आमच्या नातवासारखी होती. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा ती माउली रागावली नाही. ती म्हणाली, “बुवा, तुमी सांगिटल्यापासनं मी सोमवार धरले. कुठलं पाप ते काय ध्यानात येईना, म्हणून सगळ्याच पापांसाठी धरले.”

सात वर्षांचे सोमवार, आणि ते आमच्या एका वाक्यापायी.

पुढे चिरंजिवांनी नातवाच्या तपासणीबरोबर त्या मुलीसही कोल्हापुरास नेले. दोन्ही कानांनी तिला फार कमी ऐकू येत होते. अशा मुलांत श्रवणदोष पुष्कळ आढळतो, हे तेथे कळले. तिला समजत नाही, असे सारा गाव म्हणत होता. वस्तुतः तिला ऐकूच येत नव्हते. आज ती कानास यंत्र लावते आणि आईने हाक मारली की वळून पाहते. परंतु वाणी फुटण्याच्या वयातील जी वर्षे गेली ती आम्ही कोठून परत आणावी?

कर्मसिद्धांतावरील आमची श्रद्धा आजही ढळलेली नाही. पण कर्माचे गूढ उकलणे कठीण असल्याचे गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतच सूचित करतात. मग दुसऱ्याच्या लेकराचे तोंड पाहून ते घटकाभरात उकलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? हा सिद्धांत स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे, शेजारच्या पाळण्याचा न्यायनिवाडा करण्यासाठी नव्हे. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. त्याचा देह आठ ठिकाणी वाकडा झाला तो त्याच्या पापाने नव्हे. पित्याच्या अध्ययनातील चूक त्याने गर्भातूनच दाखविली, पित्यास राग आला आणि त्याने शाप दिला. दोष मुलाचा नव्हता, मोठ्यांच्या वाणीचा होता. ही कथा आम्ही आजवर कितीदा सांगितली असेल!

याच्या उलट टोकही आम्ही पाहिले. काही भाविक आमच्या नातवास ‘देवाचं लेकरू’ म्हणून हात जोडतात. त्यांचा भाव निर्मळ आहे. परंतु देव म्हणून मखरात बसविलेल्या मुलास सदऱ्याचे बटण लावावयास कोण शिकविणार? तो शापही नव्हे आणि अवतारही नव्हे. तो सहा वर्षांचा मुलगा आहे, हट्ट करतो, खोड्या काढतो आणि आमचा चष्मा लपवितो.

दोन बोटे कमी

उखळाला बांधताना यशोदेची दोरी दरवेळी दोन बोटे कमी पडते. एक बोट श्रमाचे आणि एक कृपेचे, असा अर्थ कथेकरी सांगतात. आमच्याकडेही मोजमापाची प्रत्येक दोरी कमी पडत असे. बाळ बसले ते अकराव्या महिन्यात आणि पाऊल टाकले ते सव्वादोन वर्षांनी. दुधाचा घोट घेताना ते दमून जाई, तेव्हा सूनबाई रात्रीतून सहा वेळा उठून वाटी-चमच्याने दूध पाजी. कृपेचे बोट आमच्या हाती नव्हते, श्रमाचे होते. तेवढे आम्ही घरातील साऱ्यांनी वाटून घेतले.

अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो, म्हणून हृदयाची तपासणी प्रथम करावयाची. आमच्या बाळाच्या हृदयातील लहान छिद्र आपोआप बुजले. ज्यांचे बुजत नाही त्यांची शस्त्रक्रिया होते. थायरॉईडची तपासणी नियमाने, तशीच कान व डोळ्यांची. मानेचे मणके काही मुलांत सैल असतात, म्हणून वैद्यांना विचारल्याविना कोलांटउड्या नकोत आणि गोपाळकाल्यास हंडीच्या थरावर तर मुळीच चढवू नये. वजन लवकर वाढते, तेव्हा प्रसाद म्हणून जो तो हातावर पेढा ठेवतो त्यासही आवर घालावा लागला. आता आमच्या घरी प्रसाद म्हणून डाळिंबाचे चार दाणे मिळतात.

वाणी उशिरा आली. पण बोलण्यापेक्षा समजणे पुढे असते, हे ध्यानात ठेवून आम्ही हातांच्या खुणा शिकविल्या. ‘पाणी’, ‘पुरे’, ‘आणखी’ हे शब्द तो आधी हातांनीच बोलला. एकदा आमच्या चिपळ्या त्याच्या हाती दिल्या, तेव्हा ध्यानात आले की बोलून दाखविलेले जे त्याच्या मनात ठरत नाही, ते तालात बसविले की ठरते. सदऱ्याची बाही, चपलेचा पट्टा, हात धुण्याचा क्रम, सारे आम्ही तालावर शिकविले. चाळीस वर्षांच्या कीर्तनाचा एवढा रोकडा उपयोग आम्हांस पूर्वी कधी झाला नव्हता.

घरात त्याची नऊ वर्षांची थोरली बहीणही आहे. त्याच्या औषधपाण्यात तिच्या वाटची मांडी अनेकदा हिरावली गेली. एका संध्याकाळी तिने विचारले, “आजोबा, तो मोठा झाल्यावर मीच त्याला सांभाळायचं का?” त्या दिवसापासून सायंकाळचा एक तास केवळ तिचा. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्याच्या भावंडांचा हा न विचारलेला प्रश्न ऐकावा, अशी विनंती आहे.

पुढे गेलेली पावले

या वाटेने आमच्या पुष्कळ आधी इतर मातापिता चालून गेले आहेत. मुंबईत आपल्या अशाच मुलीस घेणारी शाळा मिळेना, तेव्हा १९४४ साली वकील दांपत्याने स्वतःच काही मुलांना घेऊन शाळा सुरू केली. ती आज शिवडीस जय वकील संस्थेच्या रूपाने उभी आहे. पुण्याच्या गौरी गाडगीळ हिने पोहण्यात नाव काढले आणि २००७ साली शांघाय येथील स्पेशल ऑलिंपिकमध्ये पदक मिळविले. तिच्या जीवनावरील ‘यलो’ या २०१४ च्या मराठी चित्रपटात तिने स्वतःची भूमिका स्वतः केली. कोल्हापुरात चेतना अपंगमती विकास संस्था अशा मुलांसाठी काम करते.

शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथून झाला. त्यातील तपासणी पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात आणि जन्मजात दोषांच्या त्यांच्या यादीत डाऊन सिंड्रोमही आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरात दडवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा प्रश्न प्रत्येक मातापित्यास रात्री जागवितो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेण्याची सोय आहे. या गोष्टी आम्ही आता कीर्तनातही सांगतो. हरिकथेत हे कशास, असे कोणी विचारले, तर ज्या जागी विष दिले त्याच जागी उतारा द्यावा लागतो, एवढेच उत्तर आहे.

गेल्या जन्माष्टमीस पाळण्याची दोरी आमच्या नातवाने धरली आणि आरती संपली तरी सोडली नाही. सुवासिनी हसल्या. ते हसणे आणि बारा वर्षांपूर्वीचे हसणे यांतील अंतर आम्हांस ऐकू आले. मंडपाच्या पुढच्या रांगेत आम्ही त्या माउलीसाठी आणि तिच्या लेकीसाठी जागा राखून ठेवली होती. त्या आल्या नाहीत, आणि त्यांनी यावेच असा आमचा काही अधिकार नाही. या वर्षीचे निमंत्रण मात्र आम्ही स्वतः घरी जाऊन देऊन आलो आहोत. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्या सर्वांसच ते आहे. अष्टमीच्या रात्री त्याला घेऊन यावे आणि पुढे बसावे. दोरी सर्वांच्या हातास पुरेल एवढी लांब ठेवली आहे.