मनीचा परदेशप्रवास : चार महिने आधी

परदेशातली नोकरी ठरली की आपण व्हिसा आणि घर बघतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल, तर आधी पशुवैद्य गाठावा. तारिहाळहून जर्मनीला मनीला न्यायचे ठरल्यावर मी तारखांचा तक्ता मांडला, तेव्हा सर्वांत मोठा कालावधी व्हिसाचा नव्हे, तिचा निघाला.

युरोपीय संघाच्या नियमानुसार भारतातून येणाऱ्या प्राण्याला आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस लागते. लस आधी टोचली असेल तर ती धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. त्यानंतर, नमुन्याच्या तारखेपासून 3 महिने थांबायचे. म्हणजे चार महिने लागतातच.

दुसरा प्रश्न विमानाचा. हुबळीहून मुख्यतः इंडिगोची विमाने सुटतात आणि इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. अंध प्रवाशाचा प्रशिक्षित कुत्रा हा अपवाद. त्यामुळे आम्ही बेंगळुरूपर्यंत मोटारीनेच जाणार. देशांतर्गत प्रवासासाठी अकासाने 2022 पासून कुत्र्या-मांजरांना परवानगी दिली आहे. अमेरिकेत मात्र 2021 पासून केवळ मानसिक आधारासाठी पाळलेला प्राणी सहाय्यक श्वान मानण्याचे बंधन विमान कंपन्यांवर नाही.

मंडळी, नेमणुकीच्या पत्राची वाट पाहू नका. मुलाखती सुरू झाल्या की चिप आणि लस उरकून घ्या. नोकरी नाही मिळाली, तरी रेबीजची लस काही वाया जात नाही.