जेत्यांचे इतिहास आणि डहाणूचं पान

स्पेनने मेक्सिको कसा घेतला, हे इंग्रजी वाचणाऱ्या जगाने शंभर वर्षं प्रामुख्याने एकाच ग्रंथातून वाचलं: विल्यम प्रेस्कॉट यांचा १८४३चा इतिहास. बॉस्टनच्या या गृहस्थांची दृष्टी जवळपास गेलेली आणि मेक्सिकोत त्यांनी कधी पाऊलही टाकलं नाही. तरी कातडी बांधणीच्या त्या जुन्या प्रतींना संग्राहकांत आजही मान आहे. याचा धाकट्या डहाणूशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध आहे. १५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि तिच्याबरोबर वसई, तारापूर, डहाणू, दमणही गेलं. कारभार पोर्तुगीजांचाच राहिला. पण १६४०पर्यंत, साठ वर्षं, आपल्या खाडीवरचा राजा माद्रिदला बसत होता. (चिकूही मूळचा मेक्सिकोकडचाच. घोलवडच्या बागांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा दूरच्या पाहुण्यासाठी.)

आपल्या किनाऱ्याचा ‘प्रेस्कॉट’ शोधायचा तर मानुएल द फारिया इ सौझा यांच्याकडे जावं लागतं. माणूस पोर्तुगीज, आयुष्य बरंचसं माद्रिदला, लेखणी स्पॅनिश. १६४९ साली ते गेले आणि त्यानंतर ‘आसिया पोर्तुगेझा’चे तीन खंड लिस्बनला निघाले: १६६६, १६७४ आणि १६७५. म्हणजे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या विजयांची ही गाथा स्पॅनिशमध्ये छापली गेली, तीही स्पेनचा अंमल उठल्यावर! १६९५ साली कॅप्टन जॉन स्टीव्हन्स यांनी लंडनला तिचं इंग्रजी भाषांतर काढलं, तेही तीन खंडांत. भाषांतर काटछाट केलेलं आहे, हे घेणाऱ्याने आधीच ध्यानात ठेवावं. त्या काळच्या इंग्रजी छपाईत लांब ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे पहिली दहा पानं अडखळतच वाचावी लागतात. कागद मात्र चिंध्यांचा, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पुस्तकांसारखे त्याचे हाताळताच तुकडे पडत नाहीत.

ग्रंथ भारदस्त आहे, पण तो घरबसल्या लिहिलेला. फारिया इकडे आले नव्हते. ते टेकले ते बार्रुश आणि दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकारांच्या ‘दशक’ नावाच्या खंडांवर. बार्रुश यांनीही हिंदुस्थान पाहिला नव्हता. कोउतु मात्र गोव्यात राहिले, तिथल्या दप्तरखान्याचे रखवालदार झाले आणि १६१६ साली तिथेच वारले. त्यांच्या लिहिण्यात म्हणूनच माणसांची उणीदुणीही येतात. मला विचाराल तर शंभर पानं फारियांची वाचण्यापेक्षा दहा कोउतुंची वाचावीत.

डहाणूपुरतं पाहायचं तर खरा ऐवज १६३५चा आहे. आंतोनियु बोकार्रु यांनी त्या वेळच्या फिलिप राजासाठी पूर्वेकडच्या सगळ्या ठाण्यांची वर्णनं लिहिली आणि पेद्रु बार्रेतु द रेझेंद यांनी त्यांना किल्ल्यांचे आराखडे जोडले. त्यात डहाणूही आहे. मूळ पोथी पोर्तुगालमधल्या एव्होराच्या ग्रंथालयात. डहाणू तेव्हा दमणच्या हद्दीत मोडत असे. दमणच्या या मुलखातली गावं पोर्तुगीज गृहस्थांना तीन पिढ्यांच्या बोलीने दिली जात. बदल्यात घोडा, हत्यार बाळगून चाकरी करायची. मेक्सिकोत स्पेनने विजेत्यांना माणसांची वेठ आणि खंडणी नेमून दिली, इथे गावंच दिली. कसणाऱ्याला फरक किती पडला, ते कोणत्याच पोथीत नाही.

ज्याला एकच जुनं पुस्तक घ्यायचं आहे त्याने जे. गर्सन द कुन्हा घ्यावेत. गोव्यात १८४४ला जन्मलेले, मुंबईत डॉक्टरकी करणारे, नाण्यांचे दर्दी. चौल आणि वसईच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८७६ साली मुंबईला निघालं. मूळ आवृत्तीत छायाचित्रं आणि शिलाछाप चित्रं आहेत, म्हणून प्रत हातात आली की आधी चित्रं मोजावीत. जुन्या बाजारात चित्रं सुटी विकली जातात आणि पुस्तक लंगडं राहतं. शिवणीत कसर लागली आहे का, तेही पाहावं. नुसतं वाचायचं असेल तर पुनर्मुद्रण पुरे.

आपलं नशीब मेक्सिकोपेक्षा एका बाबतीत बरं. तिथल्या पराभूतांची बाजू सामान्य वाचकापर्यंत पोचायला मिगेल लेओन-पोर्तिया यांचं १९५९चं संकलन यावं लागलं. इथे पोर्तुगीजांना हरवणाऱ्यांनी मोहीम चालू असतानाच पत्रं लिहून ठेवली. चिमाजी अप्पांच्या सैन्याने १७३९च्या आरंभी डहाणू, तारापूर घेतलं, तारापुरावर मराठा सरदार बाजी भिवराव रेटरेकर कामी आले आणि मेमध्ये वसई आली. गो. स. सरदेसायांनी संपादलेल्या पेशवे दप्तराच्या १६व्या खंडात ही पत्रं आहेत. त्यांत दारूगोळा, रसद, जखमी, रुसवे सारं आहे. विजयाचा डौल कमी, म्हणून ती खरी वाटतात.

पण पोर्तुगीज आणि पेशवे या दोन्ही दप्तरांत मांगेला मच्छीमार आणि वारली जवळजवळ नाहीत. जव्हारचे कोळी राजे पोर्तुगीज कागदांत येतात, कारण त्यांच्याशी तह करावे लागत. तलासरीच्या रानातला माणूस पुस्तकात नीट दिसायला १९४५चा वारल्यांचा उठाव आणि त्यानंतर गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यावं लागलं. त्या अर्थाने डहाणू-तलासरी तालुक्यांचा सगळ्यात मोलाचा ‘जुना ग्रंथ’ विसाव्या शतकातलाच आहे, आणि तो रद्दीच्या दुकानातही सापडू शकतो.

एक सुचवणी आहे. बोकार्रुंच्या पोथीतलं डहाणू-तारापूरचं वर्णन मराठीत आणावं, त्याच्यासमोर पेशवे दप्तरातली या दोन ठाण्यांची पत्रं ठेवावीत आणि शेवटी किनाऱ्यावरच्या व रानातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जोडाव्यात. ऐंशी पानांची पुस्तिका होईल. डहाणूतल्या एखाद्या महाविद्यालयाने किंवा वाचनालयाने मनावर घेतलं तर पोर्तुगीज जाणणारी माणसं गोव्यात अजून आहेत. त्यांना पत्र घालावं.