सुरकुतलेले छायाचित्र आणि तंजावरचे शिलालेख

सरफोजी राजांनी जेथे 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत शिलांवर कोरविला, त्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे मद्रास सरकारचे छायाचित्रकार लिनियस ट्राइप यांनी 1858 साली घेतली. विमानाच्या जोत्यावरील तमिळ शिलालेखांसाठी त्यांनी 21 चित्रे जोडून सुमारे 19 फूट लांबीचा पट सिद्ध केला. अशा हातघडणीच्या, पातळ कागदावरील प्रतीस पडलेली सुरकुती हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. ती अक्षरावरून गेली म्हणजे वाचनच संशयास्पद होते.

तिच्यावर इस्त्री फिरविणे हा मात्र उपाय नव्हे. सुरकुतीत कागदाचे तंतू वाकून तसेच ताठरलेले असतात. बंद पेटीत, पाण्याचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ न देता, दमट हवा मिळाली की ते हळूहळू सैल होतात. नंतर प्रत कोरड्या टिपकागदांत ठेवून वर सर्वत्र सारखे, हलके वजन द्यावे. टिपकागद ओलसर होताच बदलावेत आणि प्रत पूर्ण सुकेपर्यंत वजन काढू नये.

हा दमटपणा किती असावा, हे प्रतीच्या जातीवर ठरते. मिठाच्या पाण्याने संस्कारिलेल्या कागदात प्रतिमा तंतूंतच असते. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असलेल्या प्रतीत मात्र कागद व लेप सारखे फुगत-आकसत नाहीत. परिणामी लेपास बारीक भेगा पडतात. म्हणून थोडी सुरकुती उरली तर उरू द्यावी. सुरकुतीतले अक्षर प्रकाशाचा कोन बदलून वाचता येते. भेगेत गेलेले अक्षर परत येत नाही.