कचरा शहराचा, डेपो बुरुडगावचा

सकाळी घंटागाडी आली की नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, गल्लीबोळांत एकच लगबग उडते. पिशवी गाडीत पडते, गाडी वळणावरून दिसेनाशी होते आणि घरच्यांच्या लेखी त्या दिवसापुरता विषय संपतो. गाडीचा पुढचा रस्ता मात्र वर्षानुवर्षं बुरुडगावकडे गेला आहे. शहराला लागून असलेलं हे शेतीचं गाव. महापालिकेचा कचरा डेपो तिथे आहे, आणि त्याच्याविरुद्धची गाऱ्हाणी ग्रामपंचायतीच्या ठरावांपासून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचली आहेत.

२०११ च्या जनगणनेत नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती. माणशी रोज ३५० ग्रॅम कचरा धरला, तरी दिवसाला १२० टनांहून अधिक होतो, आणि त्यानंतर शहर चांगलंच वाढलं आहे. एवढा कचरा कोण करतो आणि त्याचा त्रास कोण भोगतो, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. पर्यावरणीय न्यायाचा विषय इथूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, वॉरन काउंटीत, १९८२ मध्ये विषारी रसायन मिसळलेली माती गाडायला सरकारने सुरुवात केली. तिथली वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि गरीब होती. लोक ट्रकांसमोर रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. घातक कचऱ्याच्या जागा नेमक्या कुणाच्या दारात येतात, याचा अभ्यास त्या आंदोलनानंतर जोमाने सुरू झाला. महाराष्ट्रात तोच प्रश्न विचारला की काही ठरावीक समजुती आडव्या येतात.

गैरसमज : डेपोचा त्रास म्हणजे वास, सवय झाली की जाणवत नाही.

वस्तुस्थिती : वास हा त्यातला सर्वांत वरवरचा भाग. आपल्याकडच्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो : भाजीची देठं, फळांच्या साली, उरलेला भात. तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो. त्यातून मिथेन निघतो आणि काळं, दाट पाणी सुटतं. मिथेन पेट घेतो. डेपोची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते, ती यामुळेच. मुंबईत देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

काळ्या पाण्याचं संकट त्याहून चिवट आहे. नगर हा कमी पावसाचा जिल्हा, त्यामुळे इथे पाझराची भीती नाही, असं अनेकांना वाटतं. पण ओल्या कचऱ्यात स्वतःचंच पाणी भरपूर असतं. शिवाय इथली काळी माती उन्हाळ्यात तडकते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचा पहिला जोरदार पाऊस ढिगातून झिरपून या भेगांत उतरतो. खाली मुरूम, त्याखाली फटी असलेला काळा पाषाण. विहिरीला पाणी येतं तेही याच थरांतून. ज्या झिऱ्यांच्या भरवशावर शेतकरी विहीर खोदतो, त्याच वाटेने घाण विहिरीत येऊ शकते. एकदा बिघडलेलं भूजल सुधारायला मग वर्षानुवर्षं जातात.

गैरसमज : डेपो आधीचा आहे; लोकच नंतर तिथे राहायला आले.

वस्तुस्थिती : बुरुडगाव काय, पुण्याजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी काय, ही जुनी गावं आहेत. पुण्याचा कचरा उरुळीच्या शिवारात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला येऊ लागला. विहिरी बिघडल्या आणि घरचं पाणी असलेल्या या गावांवर टँकरची वाट पाहण्याची पाळी आली.

देवनारची गोष्ट वेगळी आहे. तिथे १९२७ पासून कचरा पडतो आणि बरीचशी वस्ती नंतरची आहे, हे खरं. पण ती वस्ती तिथे आली कशी? १९७६ मध्ये अणुशक्ती केंद्राजवळच्या जनता कॉलनीतली कुटुंबं उठवून त्याच भागातल्या चिता कॅम्पमध्ये नेली गेली. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांना देवनार ज्यात येतं त्या एम-पूर्व वॉर्डात, लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींत जागा मिळाली. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात या वॉर्डातलं मृत्यूचं सरासरी वय अवघं ३९ वर्षं नोंदवलं आहे. त्याचं खापर एकट्या डेपोवर फोडता येणार नाही. दाटीवाटी, अपुरं पाणी, कत्तलखाना, डेपो हे सगळं एकाच वॉर्डाच्या वाट्याला आलं, आणि शहराने उठवलेली माणसंही तिथेच पाठवली गेली. स्वस्त जमीन आणि आवाज नसलेली माणसं जिथे असतात, तिथे शहराला नको असलेलं सगळं जाऊन पडतं.

गैरसमज : गाड्या अडवणारे गावकरी शहराला वेठीला धरतात.

वस्तुस्थिती : शेजारच्या औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, गाड्या का अडतात याचा धडा २०१८ मध्ये घेतला. शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावजवळ टाकला जात होता. प्रक्रिया करू, डेपो हलवू, अशी आश्वासनं ऐकून कंटाळलेल्या आसपासच्या गावांनी त्या फेब्रुवारीत गाड्या रोखल्या. रोजचा सुमारे ४०० टन कचरा रस्त्यांच्या कडेला साचू लागला. महापालिकेने मिटमिटा या दुसऱ्या गावाकडे गाड्या वळवल्या, तिथे मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, महापालिका आयुक्तांनाही पद सोडावं लागलं. नारेगावला पुन्हा कचरा टाकायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मनाई केली.

शहरवासीयांना हे संकट फेब्रुवारीत अचानक आल्यासारखं वाटलं. नारेगावकरांसाठी ते तीस वर्षं जुनं होतं. बुरुडगावात गाड्या अडतात तेव्हाही ‘कचराकोंडी’ हा शब्द शहराच्या बाजूनेच वापरला जातो. गावाची त्याआधीची कोंडी बातमीत येत नाही.

गैरसमज : घरी वेगळा करून काय उपयोग? गाडीत सगळं एकत्रच होतं.

वस्तुस्थिती : ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे आणि ती करायलाच हवी. ओला आणि सुका कचरा वेगळा उचलणं, वेगळा नेणं ही स्थानिक संस्थेची कायदेशीर जबाबदारी आहे. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली पहिले नियम आले. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी अधिक ठळक केली. पण गाडीवाल्याच्या चुकीमुळे घरची जबाबदारी संपत नाही.

वेगळा न केलेला कचरा आधी हातांना लागतो. वर्तमानपत्रात न गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड, फुटलेल्या काचेचा तुकडा, इन्शुलिनची सुई हे सगळं भाताच्या खरकट्यातून बाहेर काढणारा कुणीतरी असतो, आणि बहुतेकदा त्याच्या हातात मोजे नसतात. दुसरा फटका खताला बसतो. नगर जिल्ह्यात कांदा, डाळिंब, ऊस पिकतो, सेंद्रिय खताला मागणी आहे. पण काचा आणि प्लास्टिकच्या चिंध्या असलेलं खत कुठलाही शेतकरी रानात पसरणार नाही. मग ते खतही डेपोतच पडून राहतं.

जबाबदारीची वाटणीही सारखी नाही. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेलांनी, मंगल कार्यालयांनी, मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं २०१६ चे नियम सांगत होते. लग्नसराईत एका पंगतीनंतर पत्रावळ्यांसह उरणारं अन्न अनेक घरांच्या आठवड्याच्या कचऱ्याला भारी पडतं.

गैरसमज : कचरा वेचणारे घाण पसरवतात, चोऱ्या करतात.

वस्तुस्थिती : या संशयाचा जाच वेचक बायांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव यांचं पाठबळ लाभलेल्या या संघटनेने ओळखपत्राचा प्रश्न सुरुवातीलाच हाती घेतला, कारण पोलिसांनी अडवलं तर ‘मी कामगार आहे’ हे सांगायला हातात कागद लागत होता. या कामात बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. अनेक कुटुंबं १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेली. याच वेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. आज तीन हजारांहून अधिक सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात आणि त्यातला सुका माल विकून मिळकत वाढवतात. त्यांनी वेचलेलं प्लास्टिक आणि कागद डेपोत जात नाही. शहराचा वाहतुकीचा खर्चही तेवढा वाचतो.

नवी यंत्रं, नवे ठेके आले की पहिली कुऱ्हाड या कामावर पडते. कचऱ्याचं व्यवस्थापन सुधारताना त्यावर जगणाऱ्यांचा रोजगार काढून घेतला, तर अन्याय फक्त एका दारातून दुसऱ्या दारात जातो.

गैरसमज : वीज प्रकल्प टाकला की कचरा संपेल.

वस्तुस्थिती : दिल्लीत तिमारपूरला १९८०च्या दशकात डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला गेला. तो काही दिवसांतच बंद पडला. कारण साधं होतं : आपला कचरा ओला आणि मातीने भरलेला, जळण्याइतकी उष्णता त्यात नव्हती. न वेगळा केलेला कचरा यंत्र बदलून सुका होत नाही.

गैरसमज : महापालिकेकडे पैसाच नाही, ती तरी काय करणार?

वस्तुस्थिती : मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेने हेच कारण पुढे केलं होतं. उघडी गटारं, दुर्गंधी आणि दारूच्या कारखान्याचं सांडपाणी यांनी त्रासलेल्या रहिवाशांच्या खटल्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की पैशांची अडचण सांगून नगरपालिकेला सार्वजनिक आरोग्याचं कर्तव्य टाळता येत नाही. डेपो गरिबांच्या शिवारात ढकलला की खर्च वाचल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो टँकरच्या पाण्यात, दवाखान्याच्या बिलात आणि पडलेल्या जमिनीच्या भावात गावकऱ्यांकडून वसूल होतो.

मग नगरकरांनी विचारायचं काय? २०१६ च्या नियमांनी डेपोची जागा नदीपासून १०० मीटर, वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावी, अशी अट घातली. भरावाच्या कडेपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासायला सांगितलं. किती कचरा आला, कितीवर प्रक्रिया झाली आणि किती तसाच पडला, याचा वार्षिक अहवाल स्थानिक संस्थेने ३० जूनपर्यंत द्यायचा, असंही त्यात होतं. हे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. शहरातल्या सावेडी भागातल्या एखाद्या सोसायटीने ते मागितले आणि बुरुडगावच्या ग्रामसभेत वाचून दाखवले, तर गाड्या अडण्याची वेळ येण्याआधीच शहर आणि गाव एका टेबलाशी बसू शकतात.